लालबागहून घोडबंदरला आलो आणि लेकीचं वजन वाढलं

डॉक्टर ताई,

लालबागला आमची चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर भाडं देतो, त्यात आम्ही तीन वर्षांपूर्वी ठाण्याला घोडबंदर रोडवर एका टॉवरमध्ये राहायला आलो. चाळीत दुसरा मजला होता, इथे अठरावा. मुलगी तेव्हा सहाची, हडकुळी. आता नऊ पूर्ण झाली. उंची १३५ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. शाळेच्या तपासणीत ‘लठ्ठ’ असा शेरा आला. घरचं जेवण तेच आहे हो. पोळी-भाजी, आमटी-भात, रविवारी मासे. यांचं म्हणणं, तू तिला कशालाच ‘नाही’ म्हणत नाहीस. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरची आहे, वयात आली की आपोआप उतरेल. क्लबहाऊसमधल्या झुंबाच्या वर्गाला घातलं, महिन्यात सोडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी हिच्याच वयाची, दिवसभर पाकिटंच खाते आणि काडीसारखी आहे. मग माझंच काही चुकतंय का? लालबागची इमारत दीड वर्षात होईल म्हणतात. तिथे परत जावं की इथेच घर घ्यावं, तेही कळत नाही.

एक आई, ठाणे

ताई,

‘घरचं जेवण तेच आहे हो’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझा त्यावर विश्वास आहे. तीस वर्षं मुलांचा दवाखाना चालवते आहे, आया ताटाबद्दल सहसा खोटं बोलत नाहीत. ताटाबाहेरचं काय बदललं ते मात्र त्यांना कुणी विचारत नाही. शेरा मारणारी शाळा विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही विचारत नाही. ‘खाणं कमी करा, व्यायाम वाढवा’ म्हणतो आणि पुढचा नंबर आत बोलावतो.

म्हणून आधी एक भलताच प्रश्न. लेकीच्या चपला किती दिवस टिकतात? लालबागला सहा महिन्यांत टाच झिजून सपाट होत असेल. आता चप्पल लहान होते, पण झिजत नाही. हो ना?

तिथला तिचा दिवस आठवून बघा. शाळेत चालत जाणं, चालत येणं. आल्यावर दप्तर टाकून खाली. तहान लागली की वर, पाणी पिऊन परत खाली. ‘वाण्याकडून कोथिंबीर आण’, ‘समोरच्या काकूंना वाटी देऊन ये’, ‘बाबा आले का बघ गं नाक्यावर’. दिवसातून आठ-दहा वेळा दोन मजले चढउतार. संध्याकाळी चौकात डबा ऐसपैस, लंगडी, नाहीतर गॅलरीत पकडापकडी. यातल्या कशालाही कुणी व्यायाम म्हटलं नव्हतं. तुम्हीही नाही. उलट ‘किती हुंदडतेस, बस की जरा एका जागी’ असंच ओरडला असाल.

आता टॉवरमधला दिवस. सकाळी लिफ्टने खाली, गेटवर व्हॅन. शाळेत बाकावर. व्हॅनने परत, लिफ्टने वर. शिकवणी बहुधा शेजारच्याच विंगमध्ये. कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते, वाटी कुणाला द्यायची नसते आणि बाबा आले हे लिफ्टच्या घंटीवरून कळतं. मी दिवसाचा अंदाज तुमच्या पत्रावरून आणि माझ्याकडे येणाऱ्या अशाच मुलांवरून बांधला आहे. एखादा तपशील चुकला असेल तर माफ करा. पण मुलीचं न मोजलेलं चालणं गेलं, आणि त्याच्या जागी न मागितलेलं खाणं आलं, एवढं नक्की.

खाण्याचं जरा उलगडून सांगते, कारण इथे गैरसमज होतो. लालबागला काय खायला कमी होतं? चिवडा गल्ली तिथेच. वडापावच्या गाड्या पावलापावलावर. तरीही मूल आणि तो वडा यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी उभ्या असत. पैसे मागावे लागत. खाली जावं लागे. ‘आत्ताच जेवलीस ना?’ असं विचारणारी एखादी आजी जिन्यात बसलेली असे. आणलं तर चारजणांत वाटून खावं लागे. आता मोठं पाकीट महिन्याच्या सामानात आपोआप येतं आणि पलंगावर, टॅबसमोर, एकटीने संपतं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की परत येताना हातात पिशवी असते, सोसायटीत वाढदिवस असला की केक आणि थंड पेय. त्या थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. चहात पाच चमचे साखर घातली तर सासूबाई पहिला घोट थुंकून देतील.

अंतराचा परिणाम खरोखर एवढा असतो का, असं तुमचे यजमान विचारतील. कॅलिफोर्नियात काही अर्थशास्त्रज्ञांनी नववीच्या लाखो मुलांच्या शारीरिक चाचण्यांची माहिती घेऊन, शाळेपासून फास्टफूडचं दुकान किती लांब आहे त्याच्याशी ती ताडून पाहिली. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. दुकान एक दशांश मैलाच्या आत, म्हणजे साधारण १६० मीटरवर असेल तर त्या शाळेत लठ्ठ मुलांचं प्रमाण निदान पाच टक्क्यांनी जास्त निघालं. तेच दुकान पाव मैलावर, म्हणजे ४०० मीटरवर असेल तर काहीच फरक दिसला नाही. मुलं तशीच, वय तेच, तिथले बर्गरही तेच. पोरं आळशी असतात, ४०० मीटर चालून बर्गर खायला जात नाहीत, हे मला फार गोड वाटतं. पण आपल्याकडे मोबाइलवरच्या ॲपने ते अंतर शून्यावर आणून ठेवलं आहे. तुमच्यासाठी दुकान शंभर पावलांवरसुद्धा नाही, ते उशाशी आहे.

यावर हुशार माणूस शंका काढतोच, की चांगल्या वस्तीत सुस्थितीतली माणसं राहायला जातात, म्हणून त्यांची तब्येत चांगली. वस्तीचा त्यात काय गुण? शंका रास्त आहे. वस्तीबद्दलच्या बऱ्याच अभ्यासांना ती लागूही पडते. पण अमेरिकेत एकदा हे चक्क लॉटरी काढून तपासलं गेलं. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं निवडली. चिठ्ठ्या काढून त्यांतल्या एका गटाला कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. बाकीच्यांना ती मदत मिळाली नाही. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा जाऊन त्या घरांतल्या बायकांची वजनं आणि रक्त तपासलं, तर ज्यांची चिठ्ठी निघाली होती त्यांच्यात अतिलठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही कमी. शंभरात तीन ते पाच जणींचा फरक. कुणीही त्यांना डाएट सांगितलं नव्हतं. फक्त पत्ता बदलला होता. तपासणी मोठ्या बायकांची होती, लहान मुलांची नव्हती, आणि फरक तीन ते पाचचाच होता, तीस-चाळीसचा नव्हता, हे लक्षात ठेवा. सगळं काही वस्तीवर ढकलून मोकळं होता येत नाही. पण ‘तू नाही म्हणत नाहीस’ एवढ्यावर ढकलूनही नाही. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

तुमच्या बाबतीत गंमत अशी, की पत्ता बदलला तो कागदावर चांगल्या बाजूला. हवेशीर, वर उंचावर, लिफ्ट, क्लबहाऊस, गेटवर वॉचमन. समोर राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. आणि तरी मूल घरात. का, ते तुम्ही रोज बघता. घोडबंदर रोड म्हणजे गुजरातकडे जाणाऱ्या ट्रेलरचा रस्ता, त्यात मेट्रोची कामं. पलीकडे बाग असली तरी नऊ वर्षांच्या मुलीला एकटीला तो रस्ता ओलांडायला कुठली आई पाठवेल? नकाशावर बाग ३०० मीटरवर दिसते. पायांना ती तीन किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या बाजूला गेलं तर बिबट्याची धास्ती. उरला पोडियम, म्हणजे पार्किंगच्या छतावरचं अंगण. तिथे बोर्ड लावलेला असतो: चेंडू खेळण्यास, सायकल चालवण्यास, स्केटिंगला सक्त मनाई. नावापुरती एक घसरगुंडी आणि दोन झोके, तेही दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे. नऊ वर्षांच्या मुलीसाठी त्या अख्ख्या आवारात एकही गोष्ट नाही. मुलग्यांना निदान पार्किंगमध्ये चोरून क्रिकेट खेळता येतं. मुलींचं तेही बंद होतं, आणि नेमकं याच वयापासून. २०१६ सालच्या जगभरच्या आकड्यांत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. म्हणजे तुमची लेक झुंबा सोडते यात तिचा काही खास दोष नाही. तासाला पैसे मोजून, आरशासमोर, अनोळखी बायकांच्या मध्ये उभं राहून घाम गाळायला मलाही जमणार नाही.

आता मावशींच्या मुलीबद्दल, कारण ते वाक्य मला खटकलं. रागावू नका.

इंग्लंडमध्ये शाळेत मुलांची वजनं दरवर्षी मोजतात, आणि तिथे सगळ्यात गरीब भागांतल्या मुलांत लठ्ठपणा सगळ्यात श्रीमंत भागांच्या दुपटीहून जास्त निघतो. कारण तिथे गरीब वस्तीत स्वस्त म्हणजे तळलेलं आणि गोड, ताजं म्हणजे महाग. आपल्याकडे चित्र अजून उलटं आहे. जाडी श्रीमंतांच्या मुलांत जास्त, खुरटलेपण गरिबांच्या. पण ते चित्र सरकतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत वजन जास्त असलेली २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत त्याच वयाची ३५ टक्के मुलं खुरटलेली. दोन्ही एकाच राज्यात, आणि तुमच्या ठाण्यात तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना.

मावशींच्या मुलीची वस्ती तिला खेळायला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त देते. गल्लीत पोरं आहेत, रस्ता आहे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरणं आहे. पण डाळ, अंडं, फळ यांऐवजी पाच रुपयांचं पाकीट तिच्या पोटात जातंय, कारण आई सहा घरची कामं आटपून येईपर्यंत तेवढंच हाताशी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नाही. दिसायला बारीक, आत चरबी. अशी मुलं पुढे शहरी खाण्याच्या तावडीत सापडली की मधुमेह त्यांना लवकर गाठतो. तेव्हा ती काडीसारखी दिसते म्हणून तिला काही होत नाही असं समजू नका. आणि तुमच्या घरी ती आईबरोबर येत असेल तर पाकीट न देता केळं द्या. दोघींना द्या.

बरं, आता तुमच्या लेकीकडे. आकडे मांडून बघू. १३५ सेंटिमीटर आणि ४१ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साडेबावीस. मोठ्या माणसात हा आकडा ठीक दिसतो, नऊ वर्षांच्या मुलीत तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, तुमच्या डॉक्टरांना त्यावर खूण करून दाखवायला सांगा. शाळेचा शेरा चुकीचा नाही, फक्त उद्धट आहे. चांगली बातमी अशी की तिची उंची वयाच्या मानाने छान आहे. जाड आणि ठेंगणं मूल आलं की आम्ही थायरॉइड आणि इतर ग्रंथींचा शोध घेतो. जाड आणि उंच मूल असेल तर कारण बहुधा बाहेरच असतं. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो का बघा. दिसला तर मळ समजून दगडाने घासू नका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते, डॉक्टरांना दाखवा. झोपेत घोरत असेल, गुडघा किंवा मांडी दुखत असेल तर तेही सांगा. रक्तदाब मोजून घ्या. मुलांचा रक्तदाब मोजायचा राहूनच जातो. साखर, चरबी आणि यकृताच्या तपासण्या ते करायला सांगतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. उंची वाढेल आणि तिचा फायदा होईल. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन उतरवायचं नसतं, त्याला जागीच थोपवायचं असतं. दोन वर्षांत ती १४६ सेंटिमीटर झाली आणि वजन ४१-४२ वरच राहिलं, तर बीएमआय १९-२० वर येतो आणि प्रश्न जवळपास मिटतो. तेवढं नेमकं जमलं नाही, दोन-तीन किलो वाढले, तरी चालेल. पण ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. वजन जास्त असलेल्या मुली वयात लवकर येतात आणि त्यांची उंची वाढणंही लवकर थांबतं. म्हणजे सासूबाई ज्या उंचीवर भिस्त ठेवून आहेत तिचीच मुदत कमी होते. म्हणून ही दोन वर्षं महत्त्वाची. तोवर तिला उपाशी ठेवू नका, रोज काट्यावर उभं करू नका, आणि घरात कुणीही, आजोळचे मामासुद्धा, तिला ‘जाडे’ म्हणणार नाही एवढं बघा.

करायचं काय? तिला रोज तासभर दमेपर्यंत हालचाल हवी, जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच सांगते. तो तास विकत घेण्याचा नाद सोडा. चाळीत तो फुकट मिळत होता कारण तिथे पोरं होती. झोके, क्लबहाऊस, टर्फ या गोष्टी नंतरच्या. आधी गडी जमले पाहिजेत. तुमच्या तीन-चार विंगांत आठ ते बारा वयाच्या वीसएक मुली सहज असतील, आपापल्या टॅबसमोर बसलेल्या. तीन आयांशी बोला. संध्याकाळी सहा ते साडेसात, रोज एक आई पाळीने खाली बसेल. शिकवायचं काही नाही, फक्त बसायचं. हवं तर भाजी निवडत बसा. लगोरी, साखळी, विषामृत हे तुम्हाला येतं, पहिले दोन दिवस दाखवा, तिसऱ्या दिवसापासून त्या तुम्हाला हाकलून देतील. माझ्या एका रुग्णाच्या सोसायटीत हे असंच सुरू झालं, आणि सगळ्यात मोठा अडथळा काय आला असेल? लक्ष ठेवायला आया तयार होत्या, पण कमिटीतल्या एका काकांना आवाज चालत नव्हता. शेवटी त्यांच्याच नातीला घेतलं, मग चालला.

बोर्डाचं काय ते कमिटीत सोडवावं लागेल. तुम्ही भाडेकरू आहात, सर्वसाधारण सभेत तुम्हाला मत नाही. पण घरमालक सभासद आहेत, त्यांच्याकरवी पत्र द्या. आणि एक कागद जरूर मागवा: महापालिकेने मंजूर केलेला इमारतीचा नकाशा. ठाण्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा करमणुकीची मोकळी जागा म्हणून सोडावी लागते. नकाशावर ती जागा असते. प्रत्यक्षात तिथे बरेचदा पाहुण्यांच्या गाड्या लागलेल्या असतात, नाहीतर ‘गवतावर चालू नये’ची पाटी असते. सोसायटीने नकाशा दिला नाही तर माहिती अधिकारात महापालिकेकडून मिळतो. भांडायला जाऊ नका. नुसता नकाशा सभेत टेबलावर पसरा, लोक आपोआप वाकून बघतात.

शाळेच्या दारातली गाडी आणि आतलं कँटीन हा दुसरा भाग. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत विचारा. मात्र वडेवाल्या गाडीमागे लागू नका. कँटीनमधली रंगीत पाकिटं आणि थंड पेयं आधी बंद करायला लावा. कॅलिफोर्नियाचे ४०० मीटर बघता आपले ५० मीटर फारच तोकडे आहेत, पण आहेत तेवढे तरी पाळा म्हणावं. शिवाय व्हॅनकाकांना विचारून बघा, की सोसायटीच्या गेटऐवजी आधीच्या वळणावर, जिथे सर्व्हिस रोडला धड पदपथ आहे, तिथे उतरवतील का. दहा मिनिटं चालणं तिथेच झालं. पदपथ नसेल तर नको. ट्रेलरच्या बाजूने चालण्यापेक्षा व्हॅन बरी.

घरात फार काही बदलू नका. मोठी पाकिटं महिन्याच्या सामानातून काढून टाका. वेफर बंद असं जाहीर केलंत तर त्या वेफरला सोन्याचा भाव येईल. हवे असतील तर खालच्या दुकानात स्वतः जायचं, जिन्याने नाही जमलं तर लिफ्टने, पण स्वतः, आणि छोटं पाकीट आणायचं. चाळीतला ‘जाऊन ये’ परत सुरू करा. कोथिंबीर, दूध, पोस्टपेटी, बी विंगमधल्या काकूंची वाटी. ॲपचा पासवर्ड बदला, आणि यजमानांनाही सांगू नका. रात्री दहाला आइस्क्रीम कोण मागवतं ते मला माहीत आहे. आणि मुलीचं जेवण त्यांच्यासाठी थांबवू नका. बाबा लोकलने आणि रिक्षाने धडपडत साडेनऊला येणार, तोपर्यंत ती दोनदा ‘काहीतरी’ खाते आणि मग पुन्हा जेवते, आणि अकराला झोपते. तिला साडेसातला खेळून आल्याआल्या वाढा. बाबांबरोबर तिने बसून गप्पा माराव्यात, ताट त्यांचं एकट्याचं. निदान नऊ-साडेनऊ तास झोप झाली पाहिजे. झोप कमी पडलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं, हे तुम्हीच पाहिलं असेल.

उरला लालबागचा प्रश्न. परत गेलात तर जुने दिवस परत येतील असं मनात धरू नका. चाळीचा चौक आता नाही, तिथे बहुधा गाड्यांचे पाच-सहा मजले आणि त्यांवर पोडियम असेल. मी स्वतः गिरगावची, माझ्याही चाळीचं तेच झालं. आणि गिरणगावाशी तर मोकळ्या जागेच्या बाबतीत फार वाईट व्यवहार झाला. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागेसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त बांधकाम नसलेली जमीनच त्या हिशेबात धरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. लालबाग-परळच्या पोरांच्या वाट्याची किती मैदानं तेव्हा गेली, याचा हिशेब त्यांच्या वजनाच्या तक्त्यात कुणी मांडत नाही.

तरीही तराजू तिथे थोडा झुकतो असं मला वाटतं, पण कारण वेगळं आहे. इमारत बदलली तरी रस्ते अजून अरुंद आहेत, वाणी, शाळा, दवाखाना, मावशीचं घर चालत्या अंतरावर आहे, आणि तुमच्या मजल्यावरची निम्मी माणसं ओळखीची असतील. नऊ वर्षांची मुलगी एकटी खाली जाऊ शकते की नाही, हे मैदानापेक्षाही या ओळखींवर ठरतं. शिवाय यजमानांचा प्रवास तासाभराने कमी झाला तर आठला एकत्र जेवता येईल. इथे घर घ्यायचंच असेल तर सॅम्पल फ्लॅट बघण्याआधी एक काम करा: संध्याकाळी सहाला त्या आवारात अर्धा तास उभ्या राहा आणि खाली खेळणाऱ्या मुली मोजा.

लालबागच्या सभासदांना मात्र आत्ता, इमारत पूर्ण व्हायच्या आत, हातात काही आहे. पुढच्या मीटिंगला वास्तुविशारदाला विचारा की खेळायची जागा नकाशात कुठे आहे, जमिनीवर किती आणि पोडियमवर किती. मुंबईतल्याच एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही जागा जमिनीवरच हवी असं म्हटलं होतं. नियमावली त्यानंतर नवी आली, तेव्हा तुमच्या प्रस्तावाला कोणता नियम लागू होतो हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि त्या जागेच्या वापराचा ठराव आताच करून ठेवा, चेंडू आणि सायकलसकट. बोर्ड रंगवणारा माणूस ताबा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यातच येतो.